चित्रफितींची संथा

आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं गेल्या महिन्यांत घडलेली गोष्ट. धाकट्या सूनबाई मराठी माध्यमांतून शिकलेल्या. नोकरीच्या मुलाखतीसाठीं यूट्यूबवरील चित्रफिती लावून त्या इंग्रजी उच्चारांचा अभ्यास करीत. एके दिवशीं शाळकरी पुतण्या त्यांच्या एका शब्दावर मोठ्यानें हंसला. त्या दिवसापासून सूनबाईंनीं मोठ्यानें म्हणणें सोडलें. चित्रफिती चालू राहिल्या, पण नुसत्या ऐकण्यापुरत्या.

अभ्यास फुकट जातो तो येथेंच, असें आमचें मत आहे. उच्चार कानानें उचलावयाचा आणि जिभेनें घोटावयाचा असतो. ‘चूल’ आणि ‘चंद्र’ यांतील ‘च’ निराळे, हें आपणांस कोणत्या पुस्तकानें शिकविलें? वेदपाठाची संथा देतांना गुरुजी एकदां म्हणत, शिष्य दोनदां म्हणे, आणि चूक झाली कीं गुरुजी तेथेंच थांबवीत. यांपैकीं पहिलें काम चित्रफीत उत्तम करिते. तेंच वाक्य शंभर वेळां न कंटाळतां सांगते. परंतु तिला कान नाहींत.

तो कान घरानें द्यावा. रोज पंधरा मिनिटें एकच लहानशी चित्रफीत घ्यावी. तिची गति थोडी कमी करावी, एक वाक्य ऐकून ती थांबवावी, तें वाक्य दोनदां मोठ्यानें म्हणावें, आणि मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून मूळ वाक्याशीं ताडून पाहावें. घरांतील कोणीतरी शेजारीं बसून ऐकावें.

लक्ष कोठें द्यावें? आपण ‘वेस्ट’ असें लिहितों, त्यांत बंडी आणि पश्चिम दिशा या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द लपलेले असतात. पहिल्यांत वरचे दांत खालच्या ओठास लागतात. दुसऱ्यांत दांत लागत नाहींत, ओठांचा चंबू होतो. ‘थिंक’ म्हणतांना जिभेचें टोक दांतांशीं ठेवून श्वास वाहूं द्यावा, आपल्या ‘थ’प्रमाणें अडवूं नये. आघाताकडेही पाहावें: ‘फोटोग्राफ’मध्यें तो पहिल्या अक्षरावर, तर ‘फोटोग्राफी’मध्यें दुसऱ्यावर पडतो.

हें सारें साहेब होण्यासाठीं नव्हे. आपलें बोलणें समोरच्यास सहज कळावें, इतकाच हेतु. इंग्लंड व अमेरिका यांचे उच्चारही एक नाहींत. ‘कार’मधील ‘र’ लंडनकडे बहुधा गळतो, अमेरिकेंत बहुधा ऐकूं येतो. मग आपला ‘र’ ऐकूं आला म्हणून लाजावें कशास?

आमच्या स्नेह्यांच्या घरीं आजोबांनीं हंसणाऱ्या नातवासच काकूंचा ऐकणारा नेमलें. चूक सांगावयाची, पण हंसावयाचें नाहीं. आणि मोबदल्यांत काकूंनीं त्याचें मराठी शुद्धलेखन तपासावयाचें. मुलाखतीचा निकाल अद्याप लागावयाचा आहे. परंतु बंद पडलेला आवाज घरांत पुन्हां ऐकूं येऊं लागला, हें आम्हांस त्याहून मोलाचें वाटतें.