बंद पोथी उघडणारा स्थपती

हिंगोली जिल्ह्यातील साखरा परिसराचा माणूस औंढा नागनाथाच्या दर्शनाला जातो, तेव्हा प्रदक्षिणेत त्याच्या दृष्टीस एक गोष्ट हमखास पडते. मंदिराचा खालचा भाग काळ्या पाषाणाचा आहे. त्यावर हत्तींचे थर, देवदेवतांच्या मूर्ती आणि कोनाकोनांनी आत-बाहेर होत जाणाऱ्या भिंती आहेत. वरचे शिखर मात्र नंतरच्या काळातले, चुन्याच्या गिलाव्याचे आणि वेगळ्याच घडणीचे. खालचा भाग यादवकाळातला. वरचे बांधकाम ज्यांनी केले त्यांची श्रद्धा कमी नव्हती आणि दानही कमी नसावे. परंतु खालच्या भिंतीवर तिला साजेसे पाषाणशिखर कसे उभे करावे, हे सांगणारा स्थपती तोवर या प्रदेशात उरलेला नव्हता. चौदाव्या शतकाच्या आरंभी यादवांचे राज्य लयाला गेले, मोठी कामे थांबली आणि कामाबरोबर कामाची विद्याही हळूहळू मावळली.

हीच विद्या गुजरात-राजस्थानात मात्र टिकली. ती का टिकली आणि पुढे एका स्थपतीने ती आपल्या ज्ञातीबाहेर कशी आणली, ही कथा प्रत्येक व्यापारी कुटुंबाने जाणून घ्यावी अशी आहे. त्या स्थपतीचे नाव प्रभाशंकर ओघडभाई सोमपुरा.

सोमपुरा ही मंदिर बांधणाऱ्या ब्राह्मण शिल्पींची ज्ञात. प्रभासपाटणच्या सोमनाथाशी ते आपले नाव आणि मूळ जोडतात. राजे गेले, राजधान्या बदलल्या, तरी या ज्ञातीच्या हातातली छिन्नी थांबली नाही. त्याचे मोठे कारण जैन महाजनांची वही होय. शत्रुंजय, गिरनार, आबू, राणकपूर या तीर्थांवर कोठे ना कोठे जीर्णोद्धार किंवा नवे जिनालय सुरूच असे. मुंबईचे श्रेष्ठी मोतीशा अमीचंद यांचे उदाहरण सुपरिचित आहे. शत्रुंजयावर मंदिरसमूह बांधायचा तर सपाट जागा नव्हती. दोन शिखरांच्या मध्ये खोल दरी होती. शेठांनी ती दरीच भरून काढविली आणि तिच्यावर टूंक उभी केली. काम रामजी नावाच्या सोमपुरा शिल्पीकडे होते. १८३६ मध्ये शेठ निवर्तले. प्रतिष्ठा त्यांच्या पश्चात झाली. समुद्रपार व्यापारातून मिळालेले धन असे एका डोंगरावरच्या शेकडो हातांना वर्षानुवर्षे शिकवीत राहिले. दान देणाऱ्याला पुण्य लाभले, हे तर खरेच. त्याच्या जोडीने एक विद्याही जगली, याची नोंद सहसा कोणी केली नाही.

या परंपरेत, शत्रुंजयाच्या पायथ्याच्या पालिताण्यात, १८९६ मध्ये प्रभाशंकरांचा जन्म झाला. सोमपुरा मुलाची शाळा म्हणजे बांधकामाची जागा. वडिलांच्या किंवा आजोबांच्या शेजारी बसून दगड पारखायचा, सूत धरायचे, जमिनीवर रेषा ओढायच्या आणि मापांचे श्लोक पाठ करायचे. पीठाचे थर कोणत्या क्रमाने येतात, भिंतीच्या म्हणजे मंडोवराच्या उंचीचे भाग कसे पाडायचे, शिखराची रेषा कोठून वळवायची, आमलसारक किती रुंद हवा, या साऱ्याचे उत्तर मुळातल्या एका मापावरून निघते. चोवीस अंगुलांचा एक हस्त. गर्भगृहाचे हस्तांतले माप ठरले की देवालयाचे प्रत्येक अंग त्या मापाशी बांधले जाते. मूर्तीची दृष्टी कोठे यावी हेही द्वाराच्या उंचीचे भाग पाडून ठरवितात. जोडकामात लोखंड टाळायचे, कारण लोखंड गंजले की फुगते आणि दगडाला तडा देते. दगडाला दगडाचीच खाच आणि दगडाचेच वजन धरून ठेवते.

ही सूत्रे ग्रंथांतही होती. विश्वकर्म्याच्या नावाने चालत आलेल्या संस्कृत पोथ्या घराघरांत जपलेल्या होत्या. पण त्यांची अवस्था बिकट होती. पिढ्यान्‌पिढ्या नकला करणाऱ्यांत संस्कृत जाणणारे थोडे. त्यामुळे शब्द बिघडले, पाने गळाली, एका ग्रंथाचे श्लोक दुसऱ्यात शिरले. शिवाय पोथी म्हणजे घराण्याची पुंजी. ती परक्याला दाखवायची नाही आणि कित्येकदा भाऊबंदालाही नाही, असाच रिवाज. व्यापारी घरांना हे वर्तन समजण्यासारखे आहे. बाजारभावाचे मर्म कोणी चव्हाट्यावर सांगत नाही. परंतु झाकून ठेवलेल्या पुंजीला वाळवी लागते तेव्हा मालकालाही कळत नाही, हेही तेवढेच खरे. एखाद्या घराण्यात शिकणारा मुलगा निपजला नाही की त्या घरातली पोथी मुकी होई.

प्रभाशंकरांच्या आयुष्यातला सर्वांत गाजलेला प्रसंग म्हणजे सोमनाथ. १३ नोव्हेंबर १९४७ रोजी सरदार वल्लभभाई पटेल यांनी प्रभासपाटणच्या समुद्रकाठी मंदिराच्या पुनर्निर्माणाचा संकल्प जाहीर केला. पुढे कन्हैयालाल मुनशी यांनी कामाची धुरा वाहिली आणि मंदिराचा आराखडा प्रभाशंकरांकडे आला. त्या जागी उभे असलेले भग्न मंदिर चौलुक्य राजा कुमारपाळाच्या काळातले होते. हेमचंद्राचार्यांचा अनुयायी असलेल्या या राजाच्या कारकिर्दीत, ११६९ मध्ये, सोमनाथाचा जीर्णोद्धार झाल्याचे शिलालेख सांगतो. जिनधर्माचा उपासक राजा शिवालयाचा जीर्णोद्धार करवितो, ही त्या काळाची उदारता ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

भग्नावशेषांचे काय करावे यावर दुमत होते. पुरातत्त्व जाणणाऱ्यांचे म्हणणे असे की अवशेष जसे आहेत तसेच राखावेत. सरदार आणि मुनशी यांना तेथे पूजा होणारे जिवंत मंदिर हवे होते. शेवटी अवशेष उतरविले गेले. तत्पूर्वी उत्खनन करून जुन्या मंदिरांचे थर तपासण्यात आले. नव्याच्या उभारणीत काहीतरी जुने कायमचे जाते, हे दुखणे या प्रसंगातही होतेच. म्हणूनच येणाऱ्या मंदिराने जुन्याची भाषा बोलावी, ही जबाबदारी स्थपतीवर अधिकच आली. प्रभाशंकरांनी कैलास महामेरू या प्रकारचा प्रासाद योजिला. सरदार १५ डिसेंबर १९५० रोजी गेले. ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ज्योतिर्लिंगाची प्रतिष्ठा झाली, तेव्हा मंदिर अपुरेच होते. सभामंडप आणि सुमारे १५५ फूट उंचीचे शिखर टप्प्याटप्प्याने उभे राहिले. एवढ्या मोठ्या प्रमाणावर अशा शैलीचे मंदिर कोणी शतकानुशतके बांधले नव्हते. तरी ते बांधता आले, कारण लहान-मोठी जिनालये घडविताना हातांचा सराव चालू राहिला होता.

एवढे यश पदरी पडल्यावर कोणीही पुढची कामे घेत स्वस्थ राहिला असता. प्रभाशंकरांनी साठी ओलांडल्यावर पोथ्या उघडल्या. ठिकठिकाणच्या हस्तलिखित प्रती मिळवून त्यांनी पाठ ताडून पाहिले, बिघडलेल्या श्लोकांचा अर्थ उभ्या मंदिरांच्या मापांवरून लावला, गुजराती विवरण लिहिले आणि आकृत्या काढल्या. १९६० मध्ये ‘दीपार्णव’ प्रसिद्ध झाला. त्यामागून ‘प्रासादमंजरी’, ‘वेधवास्तुप्रभाकर’, ‘क्षीरार्णव’ हे ग्रंथ आले. ‘भारतीय दुर्गविधान’ आणि ‘भारतीय शिल्पसंहिता’ हे ग्रंथ मुंबईहून प्रसिद्ध झाले. जिनप्रतिमा, यक्ष-यक्षिणी आणि जिनालयांचे प्रकार यांवरही त्यांनी लिहिले. संस्कृत पंडिताला श्लोकाचे व्याकरण कळते, पण ‘कणी’ किंवा ‘छाद्य’ म्हणजे दगडात नेमके काय हे कळत नाही. कारागिराला दगड कळतो, पण श्लोक कळत नाही. प्रभाशंकर दोन्ही जाणत होते, म्हणून हे काम त्यांच्याच हातून होण्यासारखे होते.

अशा खुलेपणाने त्यांना ज्ञातीबाहेरचे शिष्यही लाभले. मधुसूदन ढाकी हे पोरबंदरच्या जैन कुटुंबातले तरुण अभ्यासक. ‘भारतीय दुर्गविधान’ या ग्रंथावर प्रभाशंकरांच्या जोडीने त्यांचेही नाव आहे. पुढे भारतीय मंदिरस्थापत्याच्या महाकोशाचे ते प्रमुख शिल्पकार ठरले आणि मंदिराच्या प्रत्येक अंगाला त्याचे मूळ शास्त्रीय नाव देऊन लिहिण्याची पद्धत जगभरच्या विद्वानांत रूढ झाली. एका सोमपुऱ्याने पोथी उघडली आणि तिची परिभाषा देशोदेशींच्या विद्यापीठांत पोहोचली.

घरातली परीक्षा अधिक कठीण होती. मुलगा बळवंतराय याच विद्येत तयार झालेला. बदरीनाथाच्या कामावरून परतताना अपघातात त्यांचे निधन झाले. वडील हयात असताना वारसदार गेला. अशा वेळी परंपरा तुटते, आणि ज्ञान केवळ बापाकडून मुलाकडे जाणारे असले तर तुटतेच. प्रभाशंकरांनी नातवाला, चंद्रकांत यांना, हाताशी धरले आणि मधली पिढी ओलांडून विद्या पुढे दिली. चंद्रकांत यांनी वास्तुकलेची पदवी घेतली नाही. आजोबाच त्यांचे विद्यालय. लंडनच्या नीसडन येथील स्वामिनारायण मंदिर त्यांच्या आराखड्याचे. अयोध्येच्या राममंदिराच्या पहिल्या आराखड्यासाठी त्यांनी जागा पावलांनी मोजली होती, ही हकीकत आता सर्वश्रुत आहे. १९७३ मध्ये प्रभाशंकरांना पद्मश्री मिळाली; १९७८ मध्ये ते निवर्तले.

महाराष्ट्रात असा वंशपरंपरेचा धागा उरला नव्हता, तेव्हा येथे हे काम एका सरकारी अभियंत्याने अंगावर घेतले. कृष्णाजी विनायक वझे यांनी जुन्या संस्कृत ग्रंथांतून शिल्पविद्येचा मागोवा घेऊन १९२४ मध्ये ‘प्राचीन हिंदी शिल्पशास्त्रसार’ सिद्ध केला. वझ्यांजवळ ग्रंथ होते, परंतु ते ग्रंथ हातात घेऊन दगड घडविणारे घराणे नव्हते. औंढ्याच्या खालच्या भिंतीसारखी भिंत आज कोणाला बांधायची झाली, तर स्थपती बाहेरूनच आणावा लागतो, यात या फरकाची किंमत दिसते.

आज गावोगावचे संघ जीर्णोद्धाराचे ठराव करतात. निधी जमतो, संगमरवराचा दर ठरतो, प्रतिष्ठेचा मुहूर्त निघतो. घाई असली की जुना कोरीव पाषाण उतरवून अंगणाबाहेर पडतो आणि त्याच्या जागी यंत्रावर कापलेली फरशी बसते. मोजमाप कोणी घेतलेले नसते, छायाचित्रे नसतात, आणि काम संपल्यावर कारागीर आपल्या गावी परततात. मंदिर नवे होते. शिकलेला मात्र कोणीच उरत नाही. दिलवाड्याच्या जीर्णोद्धारात शेठ कस्तुरभाई लालभाई आणि शिल्पी अमृतलाल त्रिवेदी यांनी जुन्याशी जुळणारा दगड आणि जुन्याशी जुळणारा हात यांचाच आग्रह धरला होता. खर्च वाढला, वर्षे लागली. पण आज नवे कोरीव काम कोठे सुरू होते हे पाहणाऱ्याला सहजी सांगता येत नाही.

प्रत्येक पेढीवर जमाखर्चाची वही असते. जीर्णोद्धाराच्या वहीत देणगीदारांच्या नावांपुढे आणखी एक पान असावे. त्यावर जुन्या वास्तूची मापे असावीत, दगड कोणत्या खाणीतला होता त्याची नोंद असावी, कोणत्या शिल्पीने काय केले ते लिहिलेले असावे, आणि त्याच्या हाताखाली गावचा कोणता मुलगा सूत धरायला शिकला त्याचे नाव असावे. औंढ्याचे खालचे थर घडविणाऱ्यांनी असे पान मागे ठेवले असते, तर वरचे शिखर चुन्याचे झाले नसते.