कोपऱ्यावरच्या टाकेरियात जा, पण विचारून मागवा

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी माणसाची मेक्सिकन जेवणाशी ओळख बहुधा साखळी दुकानातच होते. काचेपलीकडच्या पोऱ्याला बोट दाखवत जायचं, भात, काळा घेवडा, मका, वरून चीज, आणि वाडगा घेऊन परत कामाला लागायचं. शाकाहारी माणसाचीही सोय होते, पोट भरतं. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. फक्त तिथेच थांबू नका.

न्यू जर्सीत एडिसन-इसलिनच्या बाजूला राहणाऱ्यांना ओक ट्री रोड तोंडपाठ असतो. तिथून जवळच न्यू ब्रन्सविकमध्ये मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातून आलेल्या लोकांची मोठी वस्ती आहे. फ्रेंच स्ट्रीटच्या आसपास त्यांची किराणा दुकानं आहेत, बेकऱ्या आहेत, आठ-दहा टेबलांच्या खानावळी आहेत. तरीही वर्षानुवर्षं शेजारी राहून तिकडे पाऊल न टाकलेली मराठी घरं कमी नाहीत. शिकागोत असाल तर पिल्सनमधला अठरावा रस्ता किंवा लिटल व्हिलेजमधला सव्विसावा रस्ता बघा, सॅन फ्रान्सिस्कोत असाल तर मिशन भाग. घरच्याच माणसांनी चालवलेली, फळ्यावर खडूने आजचे पदार्थ लिहिणारी टाकेरिया, म्हणजे टाकोची खानावळ, शोधा.

आधी टोर्टियाकडे, म्हणजे मक्याच्या पातळ भाकरीकडे, लक्ष द्या, कारण सगळं जेवण तिच्यावर उभं आहे. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसेच ठेवतात, सकाळी चोळून धुतात आणि मग ओले वाटतात. चुना म्हणजे आपण पानाला लावतो तोच. त्याने दाण्याचं साल सुटतं, पीठ चिकट होऊन गोळा वळता येतो आणि मक्यात अडकून बसलेलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. मका जगभर गेला, पण चुन्याची ही युक्ती त्याच्याबरोबर गेली नाही. म्हणून इटलीच्या उत्तर भागात आणि अमेरिकेच्या दक्षिणेत निव्वळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा याच जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार झाला. मेक्सिकोत तोच मका खाऊन पिढ्यान्‌पिढ्या धडधाकट राहिल्या. चांगल्या खानावळीत आतून गोळा दाबल्याचा आवाज येतो, टोर्टियाची कड थोडी वेडीवाकडी असते आणि फडकं उघडल्यावर ओल्या मक्याचा वास येतो. एवढं दिसलं की खुशाल बसा.

मक्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवत होते आणि मक्याच्या वाणांवर त्यांनी मोठं काम केलं. दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात जागा दिली. तेव्हा या जेवणाला परकं मानायचं आपल्याला तसं फार कारण नाही.

आता शाकाहाऱ्यांसाठी, जरा स्पष्टच. मेन्यूवर ‘व्हेज’ लिहिलंय म्हणून डोळे मिटून मागवू नका. शिजवून घोटलेला घेवडा पुष्कळ ठिकाणी डुकराच्या चरबीत परततात. तांबूस भात कोंबडीच्या रश्श्यात किंवा त्याच्या पावडरीत शिजलेला असू शकतो. तमाले म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले गोळे; त्यांच्या पिठात बहुतेक वेळा चरबी असते, आणि काळ्या मोले रश्श्यातही कोंबडीचं पाणी असतं. ओआहाकाची त्लायुदा दिसायला साधी: फूटभर रुंद कडक टोर्टिया, वर घेवड्याची पेस्ट, कोबी आणि दोऱ्यासारखं सुटणारं केसियो चीज. पण त्या सगळ्याखाली ‘असिएन्तो’ म्हणजे चरबीचा एक हात फिरवलेला असतो. तो नको असेल तर आधीच सांगावं लागतं. नुसतं ‘नो मीट’ म्हणू नका, कारण कोंबडी त्यात मोजतीलच असं नाही. चरबी नको, कोंबडीचा रस्सा नको, अंडं नको, असं एकेक नाव घेऊन सांगा. ‘सिन मान्तेका’ आणि ‘सिन काल्दो दे पोयो’ हे दोन शब्दप्रयोग पाठ केलेत की अर्धं काम होतं. तवा मात्र बहुतेक ठिकाणी एकच असतो. ते चालत नसेल तर बाहेरच विचारा आणि जमत नसेल तर हसून निघा, वाद घालू नका.

गोमांस किंवा डुकराचं मांस न खाणाऱ्यांनीही नावं ओळखून ठेवावीत. आसादा बहुतेक गोमांसाचं असतं, आल पास्तोर आणि कार्नितास डुकराचं. बिर्रिया मुळात बकऱ्याची, पण अमेरिकेत आता सर्रास गोमांसाची मिळते. तिंगा बहुधा कोंबडीची असते, तरी विचारून घ्या. विचारल्याने कोणी रागावत नाही, उलट स्वयंपाकघरातून एखादी ताई बाहेर येऊन समजावून सांगते.

मग खायचं काय? भोपळ्याची फुलं घातलेली केसादिया, म्हणजे चीज भरून दुमडलेली टोर्टिया, मागवा. फुलांची भजी खाल्लेल्या घराला ती लगेच पटते. पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या सायीत घोळवून करतात, ते ‘राहास’ मागवा. फड्या निवडुंगाच्या कोवळ्या पानांची भाजी ‘नोपालेस’ नावाने मिळते, भेंडीसारखी किंचित बुळबुळीत. पहिला घास बिचकून घेतला तरी दुसरा आपसूक जातो. प्यायला ‘हामायका’ घ्या. आपल्याकडच्या लाल अंबाडीच्या बोंडांचंच ते सरबत. आई-बाबा उन्हाळ्यात मुक्कामाला आले असतील तर त्यांना पिझ्झ्याऐवजी इथे आणा. मिरची, टोमॅटो, पेरू, चिकू आपल्याकडे आले ते याच मुलुखांतून. या चवी त्यांना परक्या वाटणार नाहीत.

टेबलावरच्या साल्सांबद्दल, म्हणजे चटण्यांबद्दल, एक सूचना, विशेषतः ‘आम्ही कोल्हापूरचे’ म्हणून छाती काढणाऱ्यांसाठी. हिरवी बहुधा सौम्य-आंबट असते, पण तिच्यावरही डोळे झाकून विश्वास नको. केशरी रंगाची हाबानेरोची असेल तर आधी चमच्याच्या टोकाने चाखा. तिथे गावाचं नाव उपयोगी पडत नाही.

आता पैशाचं. दहा-बारा जणांनी मिळून दोन थाळ्या मागवायच्या, फुकटचे चिप्स तीनदा भरून घ्यायचे, दोन तास टेबल अडवायचं आणि बिलावर दोन डॉलर ठेवून उठायचं, हे आपल्या लोकांकडून होतं. ते शोभत नाही. टिप मिळवणाऱ्या कामगाराचं संघराज्याने ठरवलेलं किमान वेतन तासाला 2.13 डॉलर आहे, आणि ते 1991 पासून बदललेलं नाही. बऱ्याच राज्यांत ते जास्त आहे, पण बहुतेक ठिकाणी वाढणाऱ्या माणसाचं घर टिपेवरच चालतं. टेबलावर येऊन कोणी वाढत असेल तर अठरा-वीस टक्के ठेवा. तेवढं परवडत नसेल तर खिडकीतून दोन टाको घेऊन बाकावर बसून खा, त्यात कमीपणा नाही. खिशात रोख असू द्या, सगळीकडे कार्ड चालतंच असं नाही. आणि उठताना शेजारच्या टेबलावर जेवणाऱ्यांना ‘प्रोवेचो’ म्हणा. तशी तिथली रीत आहे.

शनिवार-रविवारी सकाळी पोसोले आणि मेनुदो हे मांसाचे रस्से खायला वस्तीतली सगळी कुटुंबं लोटतात, तेव्हा तुमच्या प्रश्नांना कोणाला वेळ नसतो. म्हणून पहिल्या खेपेला आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास जा. गल्ल्यावर जी कोणी असेल तिला विचारा, आज घरात काय चांगलं झालंय, आणि ती सांगेल ते मागवा.