नाव एक, वर्तनी अनेक

नाव एका लिपीतून दुसऱ्या लिपीत जाताना त्याचा उच्चार शाबूत राहतोच असे नाही, याचा अनुभव बुलढाणा जिल्ह्याला स्वतःच्या नावापासून आहे. ब्रिटिश काळातील गॅझेटियरांत हे नाव रोमन लिपीत एच वगळून छापले गेले, तर मराठीतही 'बुलढाणा' आणि 'बुलडाणा' ही दोन्ही रूपे चालत राहिली. याच जिल्ह्यातील सिंदखेडराजाच्या ज्या घराण्यात जिजाबाई जन्मल्या, त्या घराण्याचे 'जाधव' हे आडनाव देवनागरीत एकच असले, तरी रोमन लिपीत त्याच्या शेवटी कोणी व्ही लिहितो, तर वऱ्हाडातील अनेक कुटुंबे ओ लिहितात.

चिनी नावांच्या बाबतीत हा गुंता अधिक वाढतो, कारण तेथील लिपी वर्णांची नसून चिन्हांची आहे आणि एकच चिन्ह निरनिराळ्या बोलींत निराळे उच्चारले जाते. त्यामुळे एकच आडनाव बीजिंगमध्ये 'चेन', हाँगकाँगमध्ये 'चॅन' आणि सिंगापुरात 'तान' अशा वर्तनीने आढळते. प्रमाण चिनी भाषेसाठी थॉमस वेड आणि हर्बर्ट जाइल्स या ब्रिटिश अभ्यासकांची रोमन लेखनपद्धती दीर्घकाळ प्रचलित होती. चीन सरकारने १९५८ मध्ये 'पिनयिन' ही नवी पद्धती स्वीकारली आणि १९८२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

या बदलानंतर चिनी नेते माओ त्से तुंग यांच्या रोमन लिपीतील नावात टीच्या जागी झेड आणि डी ही अक्षरे आली. उच्चार मात्र होता तोच राहिला. पिनयिनमधील डी मराठी 'त'च्या जवळचा, टी 'थ'च्या जवळचा आणि झेड 'चाक' या शब्दातील 'च'च्या जवळचा आहे, हे लक्षात घेतले तर नव्या वर्तनीवरून 'झेडाँग' म्हणण्यापेक्षा जुन्या पिढीचे 'त्से तुंग' मूळ उच्चाराला अधिक धरून होते, असे दिसते. अल्पप्राण आणि महाप्राण, म्हणजे 'प' आणि 'फ' किंवा 'त' आणि 'थ' यांतील भेद चिनी भाषेत अर्थ बदलतो. तो इंग्रजी वाचकाला शिकावा लागतो, मराठी वाचकाला मात्र बाराखडीतच मिळालेला असतो.

असेच एक चिनी नाव एका मराठी माणसाचेही आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. पथकातील पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावांच्या अखेरीस चीनचा वाचक असलेला 'ह्वा' जोडला. कोटणीसांचे चिनी नाव पिनयिनची अक्षरे इंग्रजीप्रमाणे वाचून मराठीत 'के दिहुआ' असे लिहिले जाते; मूळ उच्चार 'ख तीह्वा' याच्या अधिक जवळ आहे. ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच देह ठेवलेल्या या मराठी माणसाचे तेथील नाव तरी मराठीत नीट लिहिले जावे.

रोमन वर्तनी ही सोय आहे, नाव नव्हे. म्हणून मराठी वृत्तपत्रांनी चिनी नावे इंग्रजी वर्तनीवरून न घेता उच्चारावरून घ्यावीत, आणि दाखला व आधार यांवरील रोमन अक्षरांच्या तफावतीपायी वऱ्हाडातील विद्यार्थ्याला प्रतिज्ञापत्र करण्यास भाग पाडण्याऐवजी कार्यालयांनी त्याचे देवनागरी नाव प्रमाण मानावे.