नोंदवहीतला दगड

बोरिवलीजवळच्या एक्सरला शिलाहारकालीन वीरगळ, म्हणजे वीरांच्या स्मारकशिळा आहेत, त्यांवर चक्क नौकायुद्ध कोरलेलं आहे. उद्या कुणी संगणकावर राज्यातले असे सगळे दगड शोधायला बसला, तर ते सापडावेत कसे? एका यादीत ‘वीरगळ’, दुसरीत ‘स्मारकशिळा’, तिसरीत नुसतं ‘कोरीव दगड’. गधेगळाची गत आणखी वाईट. तो दान मोडणाऱ्याला दिलेल्या शापवाणीचा दगड, स्मारक नव्हेच. तरी शेंदूर फासलेला दिसला की त्याचीही नोंद वीरगळ म्हणून होते.

अशा नोंदी एकसारख्या नमुन्यात करण्यासाठी राष्ट्रीय स्मारक व पुरावस्तू अभियान 2007 साली सुरू झालं. पण फॉर्म एकसारखा करून भागत नाही, रकान्यात काय लिहायचं हेही ठरावं लागतं. लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेच्या कला-वास्तू शब्दकोशात प्रत्येक संकल्पनेला एक क्रमांक असतो आणि त्याखाली अनेक भाषांतली नावं नांदतात. आम्हाला हीच रीत पटते. वाड्याची ओसरी, पडवी, सोपा यांना सरसकट ‘व्हरांडा’ म्हणणं हे प्रमाणीकरण नव्हे, आळस आहे. खात्री नसेल तिथे मोघम, वरच्या वर्गातलं नाव लिहावं. चुकीच्या नेमकेपणापेक्षा ते बरं.

या अंकापासून वाड्यांच्या शब्दांची यादी देत आहोत. आपल्याकडचा शब्द कळवताना गाव, मोजमाप आणि छायाचित्र जरूर जोडा.