नांवें पुसलेला पट

मेजावर पट मांडून, हातीं पत्ते घेऊन, एकट्यानें किंवा चौघांनीं मिळून एखादी कथाच खेळावयाची, असा एक छंद आमच्या विद्यार्थ्यांत जळगांव-धुळ्यापर्यंत येऊन पोंचला आहे. त्याविषयीं आमच्या समवयस्कांचे दोन पक्ष आढळतात. एक पक्ष म्हणतो, हा पोरखेळ आहे. महाविद्यालयांत शिकणारांनीं त्यांत वेळ दवडूं नये. दुसरा म्हणतो, यांत नवें तें काय? ज्ञानेश्वर महाराजांनीं सातशें वर्षांपूर्वींच मोक्षपट निर्माण केला, आणि इंग्रजांनीं तो उचलून त्याची सापशिडी केली! आमचें म्हणणें असें कीं, हे दोन्ही पक्ष चुकत आहेत, आणि दुसरा पहिल्याहून अधिक चुकत आहे.

पहिल्या पक्षाचा समाचार थोडक्यांत घेतां येईल. २००८ सालीं अमेरिकेंत निघालेला ‘पँडेमिक’ हा खेळ घ्या. जगांत चार रोगांची साथ पसरत असते; खेळणारांनीं वैद्य, शास्त्रज्ञ अशा भूमिका घेऊन उघड मसलत करावयाची. जिंकले तर सर्व जिंकले, बुडाले तर सर्व बुडाले. २०१७ सालच्या ‘ग्लूमहेवन’मध्यें एका बैठकींत केलेल्या निवडीचे परिणाम पुढच्या बैठकींत भोगावे लागतात, आणि तो एकट्यासही खेळतां येतो. ज्यांस कादंबरी वाचणें हा कालापव्यय वाटत नाहीं, त्यांनीं कथानायकाची जबाबदारी अंगावर घेणाऱ्या मुलास हंसूं नये. शिवाय ज्या खानदेशांत आखाजीला पिकल्या केसांचे गृहस्थही पैसे लावून पत्ते खेळावयास बसतात, तेथें तरी पोरखेळाचा आरोप शोभत नाहीं.

आतां दुसरा पक्ष. तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव आणि शेजारची मुक्ताई हीं आमचीं तीर्थें; ज्ञानदेवांविषयीं येथें प्रेम कमी आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु प्रेम म्हणजे पुरावा नव्हे. ज्यांच्या नांवानें धुळ्यांत १९२७ पासून संशोधन मंडळ उभें आहे, त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून जुनीं दप्तरें गोळा केलीं, तीं कशासाठीं? अस्सल कागदावांचून विधान करूं नये, यासाठींच ना? ज्ञानदेवांची समाधि १२९६ सालची. आणि आज उपलब्ध असलेले बहुतेक ज्ञानपट अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतले. मधल्या चारशें वर्षांवरून केवळ अभिमानाच्या शिडीनें उडी घेतां येत नाहीं.

तथापि कर्तृत्वाचा वाद बाजूस ठेवूं. पट आपल्या देशाचा, हें तर निर्विवाद आहे. मग त्या पटांत होतें काय? जैनांच्या पटांत बहुधा ८४ घरें, वैष्णवांच्या पटांत ७२. आणि प्रत्येक घरास नांव. ७२ घरांच्या एका प्रसिद्ध पटांत पहिलें घर जन्माचें, पुढें माया, क्रोध, लोभ. दयेच्या घरून बाण थेट ब्रह्मलोकास जातो. कुसंगाच्या घरून सर्प मदाकडे खालीं ओढतो. वैकुंठाचें घर ६८ वें. तें ओलांडून शेवटच्या तमोगुणाच्या घरीं पडलेला जीव पुन्हां खालीं पृथ्वीवर येतो! ही कथा नव्हे तर काय? सोंगट्यांत एकाची सोंगटी दुसऱ्याची सोंगटी मारते; येथें कोणी कोणास मारीत नाहीं. वैरी एकच, आपलाच दोष. म्हणून हा पट सोबतीनें जसा खेळतां येतो, तसा एकट्यासही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हा खेळ इंग्लंडांत गेला. तेथील आरंभींच्या पटांवर सद्गुण-दुर्गुण होते, मात्र ते त्यांच्या नीतीचे होते. पुढें तेही गळाले आणि १ ते १०० हे आंकडे उरले. तोच पट आज आमच्या बाजारांत मिळतो आणि तोच आम्ही मुलांच्या हातीं देतों. अमुक आंकड्यावर साप आहे एवढें मुलास कळतें. कां आहे, तें कळत नाहीं. इंग्रजानें नांवें बदललीं, हा त्याचा अधिकार होता. आम्हीं मात्र पुसलेला पट परत घेतला, आणि नांवें कोठें गेलीं हें विचारलेंही नाहीं. अशा मालकीचा अभिमान तो कसला?

जुन्या पटांत एक वैगुण्यही होतें, तें लपविण्यांत अर्थ नाहीं. तेथें सारी सत्ता कवड्यांची. खेळणारास निवड अशी नाहींच. नव्या खेळांनीं ही निवड आणि तींतून येणारी मसलत दिली. त्यांच्याकडून आपण हीच घ्यावयाची आहे. परंतु आम्हीं पाहिलेल्या या खेळांतील पत्तेन् पत्ता इंग्रजींत आहे. पारोळ्याच्या किंवा शिरपूरच्या मुलानें अगोदर कोश उघडावा आणि मग कथा! संकटकाळीं चार मित्रांनीं जी मसलत करावयाची, ती जर मातृभाषेंत होत नसेल, तर ती भाषा हळूहळू केवळ स्वयंपाकघराची होऊन बसेल.

विषयांची वाण आहे काय? डिसेंबर १९३६ मध्यें फैजपुरास राष्ट्रसभेचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच. हजारों पाहुण्यांसाठीं पाणी, निवारा, अन्न यांची व्यवस्था लावणें, याहून उत्तम सहकाराचा खेळ कोणता? त्यांत अहिराणी बोलणारा शेतकरी असावा, मंडप उभारणारा असावा, स्वयंसेवक असावा. आणि फसलें तर सर्वांचेंच फसावें. एकट्यानें खेळावयास वाघावर बसून निघालेल्या चांगदेवाची कथा आहेच: कोठें थांबावें, अहंकाराचें ओझें कोठें उतरवावें, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

यास मोठें भांडवल लागत नाहीं. पुठ्ठा, कवड्या आणि लिहिणारा एवढें पुरे. तेव्हां मोक्षपटाचा अभिमान सांगणारांस आमची एकच विनंति आहे. पुढच्या व्याख्यानापूर्वीं त्यांनीं बाजारांतून एक सापशिडी आणावी, आणि तिच्या शंभर घरांपैकीं दहा घरांस तरी आपल्या हातानें मराठी नांवें लिहावीं. तेवढें झाल्यावर आम्ही त्यांचें व्याख्यान आनंदानें ऐकूं.