अल्प साधनें, खरे श्रम

इ. स. १९८९ मध्यें अमेरिकेंत ‘पपेट मास्टर’ हा भयपट चित्रगृहांत न जातां थेट व्हिडिओ-फितीच्या रूपानें घरोघरीं गेला. चार्ल्स बँड यांच्या ‘फुल मून’ संस्थेनें पुढील दशकांत असे अल्प खर्चाचे अनेक चित्रपट काढिले. आज ते पुन्हां पाहतां कथा पोकळ वाटतात, हें खरें. तथापि डेव्हिड अ‍ॅलन यांनीं बाहुल्या केसभर हलवून, दर वेळीं एकेक चित्र टिपून, त्यांत जणूं प्राण ओतला. ‘सबस्पीशीज’ला (१९९१) रुमानियांतील खऱ्या भग्नावशेषांची पार्श्वभूमि लाभली. द्रव्य तुटपुंजें, म्हणून हातांनीं श्रम केले. ते श्रमच आज डोळ्यांत भरतात. रक्तपातामुळें हे चित्रपट बालकांस दाखवूं नयेत. परंतु घरांतील कलोत्सुक तरुणांनीं, साधनें नाहींत म्हणून स्वस्थ बसण्यापूर्वीं, ते एकवार अवश्य पाहावेत.