सरांनी वाचून दाखवलं, म्हणून...

बालमित्रांनो, एका परीक्षेत नापास झालं की सगळं संपतं का हो? ऐका तर मग इंग्लंडच्या जॉन सुलिव्हन यांची गोष्ट.

१९४६ साली लंडनमध्ये एका प्लंबरच्या घरी त्यांचा जन्म झाला. तिकडे तेव्हा अकराव्या वर्षी एक मोठी परीक्षा असे. त्यात जॉन नापास! नामांकित शाळेचं दार बंद झालं. पण साध्या शाळेत त्यांना इंग्रजीचे एक सर भेटले. ते वर्गात चार्ल्स डिकन्सच्या कादंबऱ्या वाचून दाखवत, तेही प्रत्येक पात्राचा आवाज काढून! जॉनला पुस्तकांची गोडीच लागली. पंधराव्या वर्षी शाळा सुटली, गोडी मात्र सुटली नाही.

पुढे पडेल ते काम करत ते लिहीत राहिले. लिहिलेलं परत येई, ते पुन्हा लिहीत. शेवटी बीबीसी या दूरदर्शन संस्थेत सामान हलवायची नोकरी धरली आणि तिथल्याच एका निर्मात्याला गाठलं! १९७७ मध्ये त्यांची पहिली विनोदी मालिका आली. १९८१ मध्ये आली 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस'. तिच्यात श्रीमंत व्हायची स्वप्नं बघत रस्त्यावर काहीबाही विकणारे दोन भाऊ होते. १९९६ च्या नाताळातला तिचा एक भाग तब्बल २ कोटी ४३ लाख लोकांनी पाहिला.

२००१ मध्ये त्यांनी डिकन्सच्याच मिकॉबर या पात्रावर मालिका लिहिली. २०११ साली ते वारले.

पालकहो, आज रात्री मुलांना एखादी गोष्ट वाचून दाखवाल ना? आवाज काढून हं!